एका ‘च्च’चा निकाल

माझ्या बायकोनं मला माझं काम करताना एकदाच पाहिलं आहे. आमच्या कारखान्याच्या क्लबात बुद्धिबळाची स्पर्धा होती आणि मी पंच होतो. घरी विसरलेला माझा चष्मा द्यायला ती आली आणि दहा मिनिटं दारात उभी राहिली. संध्याकाळी म्हणाली, "बारा माणसं खाली मुंडी घालून बसली होती आणि तुम्ही मधून मांजरासारखे फिरत होतात. याला काम म्हणतात?"

"माझ्या सगळ्या कामांतलं हे सगळ्यांत अवघड काम आहे," मी म्हणालो.

"पण तुम्ही तर पटाकडे बघतसुद्धा नव्हता!"

बायकोनं दहा मिनिटांत माझा धंदा ओळखला. पट बघायला दोघं खेळाडू असतात की. पंचानं बघायची ती माणसं. खेळणारी, आणि त्याहून जास्त, बघणारी. मी पस्तीस वर्षं खेळाडूंच्या पाठीमागं उभ्या असलेल्या माणसांकडे बघत आलो आहे. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत, पण जे बघितलं ते मला एकट्याला पचत नाही, म्हणून आज तुमच्या पानात वाढतो.

आधी माझी ओळख. मी भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, कल्याण विभागात कारकून. ‘कल्याण’ या शब्दात काय काय मावतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. गणपतीचा माइक, क्रिकेटच्या बॅटी, कॅन्टीनच्या तक्रारी, शोकसभेची फोटो फ्रेम आणि नाटकाचा मखमली पडदा, हे सगळं माझ्या कपाटात. त्या पडद्याच्या घडीखाली बुद्धिबळाची दोन तोंडांची घड्याळं ठेवलेली असत. पहिल्या स्पर्धेच्या वेळी साहेबांनी विचारलं, "घड़ियाँ किसके पास हैं?" मी हात वर केला आणि पंच झालो. माझं आडनाव घैसास. ते हिंदीत कुणालाच धड म्हणता येत नाही, त्यामुळे तेव्हापासून मी अख्ख्या टाउनशिपचा ‘घसासजी’.

नियम दोनच लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. एक, मोहऱ्याला हात लागला की तेच मोहरं हलवावं लागतं, मग भले वजीर मरो. दोन, खेळणाऱ्याला बाहेरून कुणी काही सुचवायचं नाही. शब्दानं नाही, बोटानं नाही, भुवईनंसुद्धा नाही. पहिला नियम पाळणं खेळाडूचं काम. दुसरा पाळून घेणं माझं. आणि भोपाळमध्ये माणसाला गप्प बसवणं म्हणजे तलावाला वाहायला सांगण्यासारखं आहे.

जुन्या शहरात दुकानांच्या बाहेर दगडी फरशा असतात. त्यांना पटिया म्हणतात. संध्याकाळी त्यांच्यावर माणसं बसतात, गप्पा हाणतात आणि बुद्धिबळ खेळतात. म्हणजे खेळतात दोघं, भांडतात पंधरा. तिथं मला शकूर मियाँ भेटले. घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या डोक्यावर सतत आरडाओरडा चाले. "को खाँ, घोड़ा मार दे!" "अमाँ, अंधे हो क्या? वज़ीर पिट रिया है!" कुणी खांदा हलवी, कुणी परस्पर मोहरं उचलून ‘असं जा’ म्हणून दाखवी. आणि शकूर मियाँ या गदारोळात समोरच्याला अर्ध्या तासात गुंडाळून ठेवत.

मी हरखलो. आमच्या क्लबातल्या खुल्या स्पर्धेला त्यांना आग्रहानं बोलावलं. शेरवानी घालून आले. आमचा हॉल म्हणजे टाचणी पडली तर ऐकू यावी असा. पाऊण तासात ते एका शिकाऊ पोराकडून हरले.

बाहेर येऊन त्यांनी घाम पुसला. "घसास साब, ये क्या जगह है खाँ? कोई बोल ई नईं रिया! ऐसा लगा, अपनी ही मय्यत में बैठा हूँ."

"पण मियाँ, तिथं एवढ्या गोंगाटात तुम्हाला सुचतं कसं?"

"वहाँ पंद्रह आदमी पंद्रह ग़लत चालें बता देते हैं. जो बच गई, वो मैं चल देता हूँ."

त्यांच्या बरोबर उलट आमचे साठे. डिझाइनमधले इंजिनियर, मूळचे पुण्याचे. एकटे असले की भल्याभल्यांना भारी. मागं कुणी येऊन उभं राहिलं की आधी कॉलर नीट करणार, मग पाण्याचा घोट, मग वजीर हातचा घालवणार. ते भिंतीला पाठ लावून बसायची जागा मागून घेत. मला म्हणायचे, "घैसास, नजरेला वजन असतं हो. मानेवर पोतं ठेवल्यासारखं वाटतं." एकदा समोर एका अधिकाऱ्याच्या बाई स्वेटर विणत बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत काही मोजत होत्या. साठे धरून चालले, की बाई आपल्या चुका मोजताहेत. सत्तावीस चालींत हरले. बाई टाके मोजत होत्या, त्यांना बुद्धिबळ येतही नव्हतं.

मला कुतूहलाचा रोगच जडला. एकाच्या अंगात माणसं बघून वारं शिरतं, दुसऱ्याच्या अंगातला जीव जातो, हे कसं? मी एक वही केली. कोण खेळतोय, कोण बघतंय, बघणारा आल्यावर पहिली चूक कधी झाली. पण वहीतून काही उलगडेना. उत्तर मिळालं ते मशीन शॉपमध्ये. रामसजीवन नावाचे एक जुने टर्नर होते. त्यांना सहज विचारलं, साहेब मागं येऊन उभे राहिले तर तुमच्या हाताचं काय होतं?

त्यांनी लेथ बंदसुद्धा केलं नाही. "पुराना जॉब हो तो हाथ और साफ़ चलता है, घसासजी. दिखाने का मन होता है. नया जॉब हो, तो समझो गया."

माझ्या डोक्यात दिवा लागला. बुद्धिबळातही सुरुवातीच्या चाली पाठ केलेल्या असतात, जुन्या जॉबसारख्या, हात बसलेल्या कामासारख्या. तेव्हा प्रेक्षक मागं असला तर खेळाडू ऐटीत खेळतो. पुढं अनोळखी रान लागतं, एकेक चाल स्वतः शोधावी लागते. तिथं तोच प्रेक्षक गळफास होतो. शकूर मियाँचं तेवढं वेगळं. त्यांचा जॉबच गोंगाटात शिकलेला. मग मी गुपचूप एक युक्ती सुरू केली. प्रेक्षकांपुढं दोरी बांधलेली असे. पहिल्या तासाला मी ती टेबलांच्या जवळ ठेवी. डाव रानात शिरला की काहीतरी निमित्त काढून दोन पावलं मागं सरकवी. लोकांना वाटे, घसासजींना दोरीचा छंद आहे.

पण दोरी माणसांना अडवते, आवाजाला नाही. आमची मराठी मंडळी तर विशेष. बोलत नाहीत, नियम पाळतात, पण ‘हं’ करतात, ‘अरेरे’ करतात, दुसऱ्याची चूक झाली की स्वतःच्या मांडीवर थाप मारतात. शेवटी मी माझा आयुष्यातला सर्वोत्तम शोध लावला. हॉलच्या दारात तबक ठेवलं, तबकात सुपारीची खांडं. आत येणाऱ्या प्रत्येकानं एक खांड तोंडात धरायचं, ते तोंडात असेपर्यंत मौन. पहिल्या दिवशी खुद्द मोठ्या साहेबांनी खांड उचललं, मग कुणाची टाप! चाळीस-पन्नास माणसं एका गालाला फुगवटा आणून बसलेली, आणि हॉलमध्ये फक्त घड्याळांची टिकटिक. मी दारात उभा राहून स्वतःलाच मनातल्या मनात नमस्कार करी. दोन वर्षं ही सुपारी निर्वेध चालली.

तिसऱ्या वर्षी शोभा भोयरचा डाव आला.

शोभा आमच्याकडे वाइंडिंगमध्ये, म्हणजे यंत्रांना तांब्याची तार गुंडाळायच्या विभागात, तात्पुरती होती. सहा महिन्यांची ऑर्डर, मग दोन दिवस घरी, मग पुन्हा सहा महिन्यांची ऑर्डर. अशी चार वर्षं. वडील भोयरकाका आमच्याच कारखान्यातले फिटर, नागपूरकडचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आनंद नगरला दोन खोल्या बांधून राहिले होते. मुलीला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, अगदी ‘हा उंट, हा तिरपा जाते’ पासून. ती टाउनशिपमध्ये सगळ्यांना हरवू लागली तरी तिचा प्रत्येक डाव बघायला ते येत. पहिल्या रांगेत बसत, तिच्या बरोबर समोर.

त्या वर्षी सगळ्या सरकारी कारखान्यांची स्पर्धा आमच्या क्लबात होती. महिनाभर आधी कार्मिक विभागातून निरोप आला, की तात्पुरत्यांच्या ऑर्डरी यापुढं निघणार नाहीत. शोभानं जाऊन विचारलं. तिथले अधिकारी भले होते. म्हणाले, "पहिल्या तीनमध्ये आलीस तर खेळाडू म्हणून कायम करायची फाइल पाठवतो. चौथी आलीस तर माझ्याकडे पाठवायला काही नाही."

शेवटच्या दिवशी हिशेब सरळ होता. शेवटचा डाव जिंकली तर तिसरी. बरोबरीत सुटला तर चौथी, आणि घरी.

समोर होते मिश्राजी. पूर्वेकडच्या एका कारखान्यात भांडारात अधिकारी. भारदस्त, मिशीवर बोट फिरवत खेळणारे, अतिशय सभ्य. दुपारी दोनला मी घड्याळ सुरू केलं. भोयरकाका पहिल्या रांगेत, गालात खांड.

आता मला एक गोष्ट त्या आधीच ठाऊक होती. माझ्या वहीत ती दोन वर्षांपासून होती. प्रत्येक चाल करण्याआधी शोभाची नजर पटावरून क्षणभर उठायची आणि वडिलांच्या चेहऱ्यावर जाऊन यायची. तिला हे ठाऊक नसावं. काकांना तर नव्हतंच. ते काही खुणा करत नव्हते, पण त्यांचा चेहरा म्हणजे चावडीवरची पाटी. मुलीच्या डावात धोका दिसला की त्यांचे गाल उतरत. मला नेहमी वाटे, हे तिला सांगावं. पण पंचानं खेळाडूला काही सुचवायचं नसतं आणि नियम मोडवत नव्हता. स्पर्धा नसतानाही सांगता आलं असतं की! ते सुचलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

डाव रानात शिरला. मी दोरी मागं घेतली. शोभाचा एक हत्ती मिश्राजींच्या वजिराच्या माऱ्यात आला होता. तिनं तो उचलून सुरक्षित घरात न्यावा, हे मलासुद्धा कळत होतं. तिचा हात हत्तीकडे निघाला. बोटं अगदी जवळ पोचली.

आणि हॉलच्या त्या शांततेत स्वच्छ आवाज आला: "च्च."

शोभाचा हात जागच्या जागी थांबला. मग मागं आला.

मिश्राजींनी घड्याळ थांबवलं आणि मला बोलावलं. "पंच महोदय, ये ‘च्च’ क्या था? बाबूजी ने बिटिया को मना किया है."

मी काकांकडे गेलो. ते पांढरेफटक पडले होते. "काका, च्च का केलंत?"

"अरे बाप्पा, सुपारी फसली ना दातात! ओढून काढत होतो." आणि मग दुखावल्या आवाजात, "तुम्हीच तं देल्ली!"

मंडळी, माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम शोध माझ्या तोंडावर येऊन आपटला. मी तरी मान ताठ ठेवून मिश्राजींना सांगितलं, की सुपारी होती. ते हसले. "हमारे पड़ोस में एक मराठी परिवार है. वहाँ ‘च्च’ का मतलब होता है ‘नहीं’. मैंने सौ बार सुना है."

इथं साठ्यांना राहवलं नाही. पुण्याचा माणूस, भाषेचा प्रश्न! गालातलं खांड हातात घेऊन ते उभे राहिले. "साफ चूक. ‘च्च’ म्हणजे हळहळ. वाईट वाटलं की माणूस च्च करतो."

"हळहळ दोनदा असते," मागून एक बाई म्हणाल्या. "च्च च्च. एकदा केलं तर ती नापसंती."

"आमच्याकडं तं एकदा म्हंजे नाहीच," भोयरकाका बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"बघा! खुद्द ते सांगताहेत!" कुणीतरी ओरडलं.

"अहो, आमच्या कोकणात मांजराला बोलवतात असं."

"मांजराला नाही, बैलाला. च्च! असं."

"छे, ते टाळूवर. हे दातांवर होतं. ऐका, च्च..."

बघता बघता सगळी मंडळी जिभा टाळूला लावून पुरावे देऊ लागली. हॉलमध्ये एकदम पन्नास पाली चुकचुकल्यासारखं झालं. दोन वर्षांचं साठलेलं मौन त्या दिवशी फुटलं. दुसऱ्या टेबलांवरचे खेळाडूसुद्धा घड्याळं थांबवून बघत होते. मी हात वर करून ‘शांत! शांत!’ म्हणत होतो आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

त्या गदारोळात एकच माणूस पटाकडे बघत होतं. शोभा. दोन्ही कोपरं टेबलावर, कान तळव्यांनी झाकलेले. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि तिचं कुणाकडे नव्हतं. पाच-सात मिनिटं तरी हे चाललं असेल.

अखेर मी क्लबाच्या नाटकांत काम करून कमावलेला आवाज काढला आणि हॉल गप्प केला. मग मिश्राजींनी एक नेमकी गोष्ट सांगितली, ती मी विसरलेलो नाही. "मान लिया, सुपारी ही थी. बोलने वाले ने कुछ नहीं कहा. पर सुनने वाली ने तो सुना न? हाथ तो खिंच गया."

मी निकाल दिला. हत्तीला बोट लागलेलं नाही, त्यामुळे शोभा कुठलंही मोहरं हलवायला मोकळी. व्यत्ययाबद्दल मिश्राजींना पाच मिनिटं जास्त. आणि भोयरकाकांनी हॉलबाहेर जावं.

काका निमूट उठले. चपला शोधू लागले. डावी-उजवी होत होती. आपल्या दाताच्या फटीपायी मुलीची नोकरी जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"सर," शोभा मला म्हणाली, "बाबांना बाहेर नका ना काढू. माझ्या पाठीमागं बसवा. मला दिसणार नाहीत असे."

मी मिश्राजींकडे पाहिलं. त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "हाँ, बैठने दीजिए. मेरे सामने रहेंगे तो मैं भी नज़र रखूँगा."

मी शोभाच्या मागं चार पावलांवर खुर्ची मांडली. काका बसले, तोंड रिकामं करून, ओठ घट्ट मिटून. घड्याळ सुरू झालं.

शोभानं सवयीनं मान वर केली. समोर नुसती खिडकी होती. तिनं मान खाली घातली, हात पुढं केला आणि हत्तीकडे न जाता लांबच्या कोपऱ्यातला उंट दोन घरं सरकवला.

हत्ती तिथंच. उघडा. वजिराच्या तोंडात.

मी भोयरकाकांकडे पाहिलं. मी रंगभूमीवर अनेक मृत्यू पाहिले आहेत, एकदोन स्वतः मेलो आहे, पण असा चेहरा नाही पाहिला. आधी डोळे विस्फारले, मग गाल उतरले, मग खालचा ओठ लटकला, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. आवाज मात्र काढला नाही.

आणि हे सगळं बरोबर मिश्राजींच्या समोर! सावध माणूस. फुकटचा हत्ती दिसल्यावर त्यांना संशय यायलाच हवा होता, आणि आलाही असणार, कारण ते चार मिनिटं पट न्याहाळत होते. मग त्यांनी मान वर करून काकांकडे पाहिलं. पुन्हा पट. पुन्हा काका. त्यांची मुद्रा हळूहळू सैल होत गेली. त्यांनी वजिरानं हत्ती मारला.

शोभानं शह दिला नाही, काही मारलं नाही. एक साधं प्यादं एक घर पुढं केलं.

मिश्राजी हसले. मग हसू अर्ध्यात राहिलं. मग ते पुढं वाकले. हत्ती खायला गेलेला वजीर आता पटाच्या पार टोकाला होता आणि त्यांचा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांच्या गर्दीत कोंडला होता. घोड्याचा शह येणार होता आणि त्या घोड्याला मारायला वजीर परत पोचू शकत नव्हता. त्यांनी एकदा मोठ्या आशेनं काकांकडे पाहिलं. तिथं काही मदत नव्हती. त्या चेहऱ्यावर अजून हत्तीचंच सुतक चालू होतं.

अकरा मिनिटांनी मिश्राजींनी स्वतःच्या हातानं राजा आडवा केला.

मिश्राजी काकांकडे बघत होते तेव्हाच मी डाव थांबवायला हवा होता का? पुष्कळ रात्री मी हा प्रश्न स्वतःला घातलाय. खेळाडूनं बाहेरून मदत घ्यायची नाही. पण समोरच्या खेळाडूच्या बापाचा चेहरा वाचून चुकीची मदत घेतली, तर तो गुन्हा कुणाचा? माझ्या नियमपुस्तकात असं कलम नव्हतं. मी ते शोधायला खास उत्सुकही नव्हतो.

मिश्राजी मोठ्या मनाचे. शोभाला आशीर्वाद दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घसासजी, मुझे शक था. पर बाबूजी को देखा. इतना दुखी आदमी झूठ नहीं बोल सकता."

शोभा तिसरी आली. फाइल गेली. ऑर्डर यायला पुढं सात महिने लागले, पण आली, आणि आज ती त्याच वाइंडिंगमध्ये चार्जमन आहे, हाताखाली माणसं आहेत. पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं.

बक्षिसं वाटून झाली, हॉल रिकामा झाला. मी घड्याळं गोळा करत होतो. बाप-लेक कोपऱ्यात उभे. काकांना अजून आनंद नीट झालेला नव्हता. घडलं काय तेच त्यांना उमगलं नव्हतं.

"पण हत्ती का सोडला पोरी? माह्या जीवाचं पाणी पाणी झालं."

"तुम्हीच तर च्च केलंत."

"ते सुपारीचं होतं ना!"

"मला काय माहीत? मला वाटलं, बाबा नाही म्हणतायत. मग मी विचार केला, हत्ती वाचवायचा नाही तर मग काय करायचं? तोवर तुमचं सगळ्यांचं भांडण सुरू झालं. कान झाकून बघत बसले, आणि सापडलं."

मी घड्याळांवर कापड टाकत होतो ते हळूच टाकू लागलो. म्हणजे मिश्राजींची तक्रार शंभर टक्के खरी होती. हाथ तो खिंच गया! मी काहीच ऐकलं नाही असं ठरवलं. आज इतक्या वर्षांनी हे छापून कबूल करतो आहे. मिश्राजी, वाचत असाल तर माफ करा. तुम्हाला मराठी येत नाही, हे माझं नशीब.

"बरं झालं मंग," काका म्हणाले, "मी समोर होतो म्हून."

शोभा म्हणाली, "बाबा, च्च ऐकू आलं ते ठीक. पण उंट हलवताना तुमचं तोंड दिसलं असतं ना, तर मी ती चाल केलीच नसती."

काकांनी मान डोलावली. मग मान डोलवायची थांबले.

"म्हंजे या आधीबी...?"

"हो."

"कवापासून?"

"मला आजच कळलं. समोर खिडकी दिसली तेव्हा."

भोयरकाकांनी पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. ज्या माणसानं मुलीच्या हातात पहिलं प्यादं दिलं त्याला, गेली कित्येक वर्षं आपण तिच्या हातावर बसलो होतो, हे ऐकून घ्यायचं होतं. मी चौकीदाराला खुणेनं सांगितलं, किल्ल्या वाजवू नकोस.

मग काका जवळच्या टेबलाशी गेले. तिथला पट मी अजून उचलला नव्हता. ते खुर्चीवर बसले. मिश्राजींच्या बाजूला.

"मांड," ते म्हणाले. "दाखव मले."

शोभानं मोहरी मांडली. उंट सरकवला, हत्ती मारून घेतला, प्यादं पुढं केलं. काका कपाळाला आठ्या घालून बघत होते. "हत्ती गेल्यावर कोणी प्यादं सरकवते का?" त्यांनी विचारलं. तिनं पुन्हा मांडलं. पुन्हा सांगितलं, या वेळी जरा सावकाश, घोडा कुठून येतो ते बोटानं दाखवत. मग तिसऱ्यांदा.

"हां," काका म्हणाले. "आता समजलं."

शोभानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मोहरी चौथ्यांदा मांडायला घेतली.